जुळ्या दाण्यांचा शोध

तीर्थरूप मामा,

तुम्हाला वाकून नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकले तर टेबल हलेल, आणि आमच्याकडे टेबल हलवणं हा गुन्हा आहे). पाठ कशी आहे? शिलाई मशीनवर इतकं वाकून बसू नका असं मामी वीस वर्षं सांगतेय आणि तुम्ही वीस वर्षं "हो" म्हणताय, तेव्हा दुखतच असणार असं धरून चालते. मी ठणठणीत.

तू नेमकं करतेस काय, असं मागच्या खेपेला तुम्ही विचारलंत आणि मी "संशोधन" म्हणून वेळ मारून नेली. आता नीट सांगते, कारण प्रकरण तुमच्याच धंद्यातलं आहे. आमचा मायक्रोस्कोप बघत नाही, चाचपतो. एका लवचिक पट्टीला केसाहून कितीतरी बारीक टोकाची सुई असते. ती बॅटरीतल्या मालावरून हळूहळू फिरते, चढ-उतार लागेल तशी वर-खाली होते आणि त्यावरून संगणक चित्र काढतो. ती फिरत असताना बोलायचं नाही, चपला बाहेर, शिंक आलीच तर जिन्यात जाऊन द्यायची. (मी, तुमची वटवटी, रोज चार तास गप्प असते. मामीला सांगू नका, विश्वास बसणार नाही.) बॅटरी चार्ज होताना तिच्यातले दाणे फुगतात, उतरताना आक्रसतात, आणि असं करून करून ती म्हातारी होते. ती नेमकी कुठे चिरते हे शोधण्यात माझी दोन वर्षं गेली.

तर तीन आठवड्यांपूर्वी चार्जिंग चालू असताना माझ्या डोळ्यांदेखत एकेका दाण्याचे दोन दोन झाले! सगळ्यांना जुळी! मी सरांना ओढत आणलं. सर (देवमाणूस, पण आनंद झाला की आवरत नाही) त्याच दिवशी सगळ्या विभागाला सांगून मोकळे झाले. येत्या गुरुवारी दीडशे पाहुण्यांसमोर ते हा शोध मांडणार आहेत. सगळी जुळी एकाच अंतरावर आणि सगळी डावीकडेच कशी, हा प्रश्न आम्हा दोघा शहाण्यांना पडला नाही. काल चित्रात धुळीचा एक कण आला. त्यालाही जुळं! बॅटरी चार्ज झाली म्हणून धूळ कशाला विईल? सुई दुसऱ्या मायक्रोस्कोपखाली धरली, तर तिचं टोक तुटून दोन टोकं झालेली. प्रत्येक दाण्याला ती दोनदा टेकत होती. टाका बिघडला की तुम्ही आधी सुई बदलता. आम्ही आधी शोध लावला.

मग मी ताठ मानेनं सरांच्या खोलीत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "शाबास! चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं." नंतर आम्ही चहा घेतला. तेव्हा काळजी नसावी.

तुमची भाची,
वटवटी

ता. क. चहाचा प्रसंग अजून घडलेला नाही. मी सरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. तीन पानं भरली तरी पाय उचलत नाहीत. दाराच्या काचेतून दिसतंय, सर एकटेच भाषणाची तालीम करताहेत आणि दर वाक्याला दोन बोटं वर करताहेत.

ता. क. दुसरा. गेले. सांगितलं. रडलेसुद्धा. सरांनी भाषणाचे कागद उलटे ठेवले. मग म्हणाले, "नव्या सुईनं काय दिसतं?" दाणे फुटत नाहीत, फुगतात आणि पुन्हा पुरते आक्रसत नाहीत, एवढंच. "मग तेवढंच सांगू. पण सुईचं तूच सांगायचंस, सगळ्यांसमोर. तुलाच सापडलंय ना?" (शाबास नाही. चहाही नाही.)

ता. क. तिसरा, आणि आता विनंती. गुरुवारी अर्धा दिवस दुकान बंद ठेवून याल का? भाषण कळणार नाही, तरी पहिल्या रांगेत बसा. "आमची सुई तुटली होती" असं मी म्हणेन तेव्हा दीडशे विद्वान माझ्याकडे बघतील. त्यांत एक तरी माणूस असा हवा, की ज्याच्या चेहऱ्यावर दिसेल, तुटायचीच, त्यात काय!