वॉकरांचे पाय

तीर्थस्वरूप एडिथताईस,

धाकट्या विल्फ्रेडचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे तो मनातल्या मनातच घातला आहे, तरी पुरता धरावा). तुझी कंबर आता कशी आहे? डेव्हनची हवा तुला मानवली असं सेड्रिकदाजी सांगतात, पण दाजी आपल्या गावाबद्दल कधी वाईट बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. इकडे सर्व क्षेम, असं लिहिणार होतो, पण ते खोटं ठरेल. तुझी भावजय मेव्हिस ठणठणीत आहे, परसातली लीकची पात यंदा मनगटाएवढी जाड झालीय, आणि मी मात्र शनिवारपासून स्वतःच्या पायांकडे बघू शकलेलो नाही. मोजेसुद्धा डोळे मिटून घालतो.

मुळापासून सांगतो. आपल्या जिलियनचं लग्न ठरल्याचं तुला ठाऊक आहेच. मुलगा रूपर्ट फुलर, केंटचा, दातांचा डॉक्टर. मुलगा म्हणजे गरीब गाय, पण त्याची आई डॅफ्नीबाई! ईस्टरला त्या आमच्याकडे चहाला आल्या, पहिला घोट घेतला आणि म्हणाल्या, "वॉकर! किती छान. या आडनावाचा माणूस कधी एकटा पडत नसेल, नाही? आमचा दूधवाला वॉकरच आहे. गटार उपसायला येतो तोही." ताई, ते खरंच आहे. डॉक्टरांकडे "मिस्टर वॉकर" अशी हाक आली की निम्मा दवाखाना उभा राहतो. (मागे मला दुसऱ्याच वॉकरचं मूळव्याधीचं मलम मिळालं, मी ते बरेच दिवस गुडघ्याला चोळलं. गुण आला, पण तो मुद्दा नाही.) दाजीही दर नाताळात ऐकवतातच, "वॉकरांच्या गर्दीतून एडिथला उचलून मी टकर केलं, उपकार माना." आपण हसतो. पण डॅफ्नीबाई हसण्यावारी नेण्यातल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं, फुलर म्हणजे 'फुल', भरल्या घराचं नाव, संपन्न घराण्याचं, तेव्हा लग्नही केंटला त्यांच्याच चर्चात शोभेल. लग्न मुलीच्या गावी व्हायचं ही रीत त्यांना माहीत नव्हती असं नाही. आणि जिलियनला तर लहानपणापासून एकच हौस, की आपल्या चॅपलात, आपल्या आईच्या, म्हणजे तिच्या आजीच्या, थडग्यावर फुलं ठेवून लग्नाला उभं राहायचं. पोरगी रात्री उशीत तोंड खुपसून रडली. मग माझ्यातला वॉकर जागा झाला.

आजोबा सांगायचे ते तुला आठवतं ना? पहिला वॉकर राजाच्या घोड्यापुढे निशाण घेऊन चालायचा, म्हणून तो वॉकर, चालणारा. स्कारबरोच्या जत्रेतून आणलेली आपल्या घराण्याची ढाल (सिंह आणि त्याच्या पंजाखाली बूट) अजून बैठकीत टांगलेली आहे. म्हटलं, बाईंना एकदा पुराव्यानिशी गप्प करावं. गावच्या इतिहास मंडळाच्या मिस ॲक्रॉइड, त्याच आपल्या शाळेतल्या, हल्ली आडनावांचाच अभ्यास करतात. त्यांना गाठून म्हटलं, वॉकर नावाचं मूळ शोधा आणि शनिवारी रूपर्ट आणि त्याची आई जेवायला येताहेत, तुम्हीही या, त्यांच्यासमोर सगळं सांगा. चार दिवसांनी त्या रस्त्यात भेटल्या. विचारलं, "सापडलं का काही?" तर म्हणाल्या, "हो. फारच रंजक आहे." मी खुशीत घरी आलो. मेव्हिसने कपाळावर हात मारला. "अहो, मागे पाद्रीबुवांच्या प्रवचनाला त्या 'रंजक' म्हणाल्या, नि महिन्याभरात पाद्रीबुवांची बदली झाली. जा, आधी नीट विचारून या!" पण ताई, एकदा 'रंजक' म्हटल्यावर पुन्हा खोदून विचारणं आपल्यात बसतं का? समोरच्याला अवघड वाटेल. त्यांना न सांगणं बरं वाटलं, मला न विचारणं. आपल्या लोकांची निम्मी संकटं अशी सभ्यपणातूनच येतात.

शनिवार उजाडला. मेव्हिसने बीफ भाजलं होतं, यॉर्कशायर पुडिंग असं फुगलं होतं की विचारू नकोस. मी चमच्याने पेला वाजवून मिस ॲक्रॉइडना उभं केलं. त्या म्हणाल्या, वॉकर चालायचा हे खरं, पण हौदात. मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड घट्ट आणि मऊ व्हावं म्हणून ते हौदात टाकायचं आणि अनवाणी पायांनी दिवसभर तुडवायचं, हा त्याचा धंदा. डॅफ्नीबाईंनी साखर पेरल्या आवाजात विचारलं, "हौदात पाणी का?" मिस ॲक्रॉइड म्हणाल्या, "पाणी कसलं. शिळी लघवी. घरोघरची गोळा करून आणत."

ताई, माझ्या काट्यावर ग्रेव्हीत भिजलेला पुडिंगचा तुकडा होता. तो तसाच राहिला. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मेव्हिस तेवढी सावध. "आणखी बटाटे कोणाला?" असं तिने विचारलं (आपल्याकडे छप्पर कोसळलं तरी आधी बटाटे विचारतात). मिस ॲक्रॉइड मात्र थांबेनात. हे नाव एवढं पसरलं कशामुळे, तर आपल्या बाजूला गावोगाव लोकर, गावोगाव हौद, म्हणून गावोगाव वॉकर. राजापुढे निशाण धरायला कितीसे लागणार? माझा चेहरा बघून त्यांनी धीरही दिला, की दारूला न शिवणाऱ्या चॅपलवाल्यांच्या लघवीला म्हणे जास्त मागणी असे. (आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या कोणी थेंब घेतलेला नाही. क्षणभर मला अभिमान वाटला, तो तू कोणाला सांगू नकोस.)

डॅफ्नीबाईंनी रुमालाने ओठ टिपले. "बिच्चारी जिलियन! असू दे गं. थोडेच दिवस उरलेत, मग तू फुलर होशील. आणि लग्न केंटलाच करू, म्हणजे तिथे कोणी विचारायला नको." पोरीचे डोळे भरून आले. मी बाप असून ताटाकडे बघत बसलो, याची लाज पायांच्या लाजेहून मोठी होती. तेवढ्यात मिस ॲक्रॉइड बटाट्याचे दोन तुकडे करत म्हणाल्या, "हो, तिला मुळीच जड जायचं नाही. काम तेच ना! उत्तरेत ज्याला वॉकर म्हणत, त्यालाच तुमच्या बाजूला फुलर म्हणत, पश्चिमेकडे आणखी तिसरंच काही. हौद तोच, पाय तसेच, आणि हौदातलंही तेच."

डॅफ्नीबाईंनी काटा-सुरी ताटात नीट शेजारी ठेवली. मग बारीक आवाजात विचारलं, "पण आमच्यातले... पायात काहीतरी घालत असतील?" मिस ॲक्रॉइड मायेने म्हणाल्या, "नाही हो." आणि रूपर्ट, ती गरीब गाय, एवढ्या मोठ्याने हसला की त्याच्यामागून जिलियनही फुटली. दोघं टेबलाखाली एकमेकांच्या पायांवर पाय देत होती. जिलियनने तिथल्या तिथे मिस ॲक्रॉइडना लग्नाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. जेवणानंतर डॅफ्नीबाई परसात लीकच्या वाफ्यापाशी उभ्या होत्या, नजर स्वतःच्या बुटांवर. म्हणाल्या, "भरल्या घराची गोष्ट मला सासऱ्यांनी सांगितली होती, मिस्टर वॉकर. ब्रिज खेळताना मी ती सगळ्यांना ऐकवत आले. आणि मी तर यात लग्न करून पडले!" मी म्हटलं, "आमची मेव्हिससुद्धा." मला त्यांची खरंच दया आली. घरोघरी मातीच्या चुली, त्यातलीच ही गत. मग त्याच म्हणाल्या, "लग्न तुमच्याच चॅपलात होऊ दे. मिस ॲक्रॉइड येणारच आहेत, आणि माझ्या मैत्रिणी एवढ्या लांब यॉर्कशायरला यायच्या नाहीत." मी त्यांना एक लीक उपटून दिला. त्यांनी तो पुष्पगुच्छासारखा छातीशी धरला आणि आम्ही आत आलो.

तेव्हा जिलियन आजीच्या थडग्यावर फुलं ठेवूनच लग्नाला उभी राहणार. दाजींना नमस्कार, तुझ्या कंबरेला आराम पडो.

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. हे पत्र दाजींना वाचून दाखवू नकोस, चुलीत घाल.

ता. क. पण पुढचं त्यांना जरूर सांग. मेजवानीत वधूपित्याने उठून दोन्ही घराण्यांच्या नावाबद्दल चार गौरवाचे शब्द बोलायचे असतात. मला ते आता जमणार नाही, माझी नजर पायांकडे जाईल. रूपर्टचे वडील हयात नाहीत. डॅफ्नीबाई आणि मी विचार करून ठरवलं, की भाषण सेड्रिकदाजींनीच करावं. आपल्या सगळ्यांत कोरड्या पायांचे तेच एक उरले. टकर घराण्याबद्दल ते नाताळात बोलतात तेच इथे बोलले तरी चालेल. नाही म्हणू देऊ नकोस.

ता. क. पत्र पाकिटात घालतोय तोच मिस ॲक्रॉइड लीक न्यायला आल्या. भाषण कोण करणार ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "टकर? पश्चिमेकडचे, डेव्हनचे का?" मी हो म्हटलं. त्या लीक पिशवीत घालत म्हणाल्या, "फारच रंजक." मी पुढे काही विचारलं नाही.