नाकाला दोरी, दोरीत मणी

३ जून, सकाळी ९
आजपासून गेट-केबिन. गाड्यांच्या पासवर शिक्के मारायचे. अठरा वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवली, एकदा तिचा माल उचलायचा काटा रंगाच्या डब्यांत घुसला तर ही शिक्षा. डबे मला हातभर लांब दिसले. ते मुळात चुकीच्या जागी होते, हे कोणी बोलत नाही. सहा आठवडे व्हिजन थेरपी, डोळ्यांचा रिपोर्ट, मग गाडी परत. मी तीन आठवड्यांत उरकणार.

५ जून
थेरपीवाल्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या. म्हणाल्या, दोन्ही डोळे मिळून काम करत नाहीत, सरावाने मेंदूला शिकवायचं. दोरीत तीन मणी. एक टोक दाराच्या कडीला, दुसरं नाकाशी. मण्याकडे बघून दोरी कशी दिसते ते सांगायचं. काय दिसायला हवं ते त्या सांगू लागल्या, मी थांबवलं. म्हटलं, उत्तर आधी नको, मी कॉपी करणाऱ्यांतला नाही.

६ जून
घोटाळा. मधल्या मण्याकडे पाहिलं की दोऱ्या दोन दिसतात, मण्यापाशी फुली मारल्यासारख्या. दोरी तर एकच आहे. म्हणजे डोळे भलतेच बिघडलेत. कोणाला सांगायचं नाही. बायको म्हणाली, बरं झालं, वेसण घालायचं माझं काम मॅडमनीच केलं.

१२ जून
मॅडमनी विचारलं, किती दोऱ्या? छातीठोक सांगितलं, एक. त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

२० जून
केबिनला पंखा नाही. खिडकी पास आत येईल एवढी. वॉचमन दिवसभर मूळव्याधीवर बोलतो. खिडकीतून माझी फोर्कलिफ्ट दिसते. साडू चालवतो, मीच कामाला चिकटवलेला. रिव्हर्सला हॉर्न देत नाही. जीव तुटतो.
घरचा सराव बंद. उत्तर येतं त्याने गृहपाठ कशाला करायचा?

२८ जून
मॅडमनी सराव दुप्पट केला. बायको म्हणते, अहो, दिसतं ते सांगा ना. म्हटलं, खरं सांगून परीक्षेत कोण पास झालंय?

९ जुलै
पुन्हा, एक दोरी. आता आवाजही कापत नाही. साडूला निरोप धाडला, सीट पुसून ठेव.

१५ जुलै
रिपोर्ट. मण्याकडे बघताना दोऱ्या दोनच दिसायला हव्यात म्हणे. दोन्ही डोळे चालू असल्याची तीच खूण. एक दिसते म्हणजे मेंदूने एक डोळा बंदच ठेवलाय. फोर्कलिफ्टसाठी अनफिट.
म्हटलं, मॅडम, मला पहिल्या दिवसापासून दोन दिसतात. त्या समजुतीने हसल्या. म्हणाल्या, काका, उत्तर कळल्यावर सगळे हेच म्हणतात.
घरी येईपर्यंत रडू आवरलं.

१६ जुलै, दुपारी
केबिनच्या कडीला दोरी बांधली. दोन दिसल्या, स्वच्छ दोन. साक्षीदार हवा म्हणून वॉचमनला दाखवल्या. तो शेजारी उभा राहून म्हणाला, साहेब, एकच तर आहे.
सुतार आलाय. दारावर माझ्या नावाची पाटी ठोकायची आहे, तेवढी दोरी सोडा म्हणतो.