चाक अजून खालीच आहे

दिग्रसजवळचा तांडा,
मंगळवार

जवाईबापू शंकरसिंग यांस उत्तमसिंगाचा हात जोडून रामराम.

पत्राच्या माथ्यावर श्री घातला नाही, याचा राग नसावा. वर्ष फिरेपर्यंत या घरातून श्री घातलेलं पत्र जायचं नाही, अशी याडीची, म्हणजे तुमच्या सासूबाईंची, ताकीद आहे. पुढे ‘येथील सर्व क्षेम’ असं लिहायची रीत आहे. तेही लिहिता येत नाही आणि दुसरं काय लिहायचं ते शाळेत शिकवलं नाही, म्हणून ती जागा मोकळी सोडली आहे असं समजावं. नंदाबाईच्या गुडघ्याला आराम पडला का? तुमचा नवा बैल जुन्याबरोबर जुळला का? तुम्ही स्वतः तंबाखू सोडणार होतात (दादाच्या बाराव्याच्या दिवशी म्हणालात, आणि म्हणता म्हणता माझीच चंची घेऊन गेलात). प्रकृतीला जपून राहावे.

तुमचं कार्ड पोचलं. ‘फटफटी कधी न्यायला येऊ’ असं तुम्ही विचारलं आहे. विचारणं बरोबरच आहे. खेमसिंगदादाच्या बाराव्याला सगळ्या तांड्यासमोर याडीने सांगितलं की घरात आता चालवणारा कोणी नाही, गाडी जावयाला द्यायची. नायकाने मान हलवली, म्हणजे शब्द पक्का झाला. त्या वेळी मागच्या चाकातली हवा गेलेली होती. मी म्हणालो, पंक्चर काढून चाक बसवतो आणि कळवतो. तर कळवतो की चाक अजून खालीच आहे. उशीर का झाला ते नीट सांगतो, म्हणजे मी आळस केला असं तुम्हाला वाटणार नाही.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी दादाने ही गाडी कामठीच्या मिलिटरी लिलावातून आणली, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तेव्हापासून कापसाच्या सौद्यासाठी दारव्हा, पुसद, तुमची फुलसावंगी, सगळीकडे तो पुढे आणि मी मागे. मागचं चाक काढताना मी कितीतरी वेळा जवळ उभा राहिलो आहे. गाडी स्टँडवर घ्यायची, ब्रेकची सळई सोडायची, चेनची जोडकडी काढायची, आसाचा नट सैल करून आस बाहेर ओढायचा आणि गाडी एका अंगाला कलती करून चाक काढून घ्यायचं. हे मला पाठ आहे. पण चाक निघालं की दादा म्हणायचा, ‘उत्तम, चहा सांगून ये.’ मी चहा सांगून येईपर्यंत चाक बसलेलं असायचं. म्हणजे या कामातलं अर्धंच शिक्षण माझं झालं आहे, आणि ते काढण्याचं आहे.

तरी मी काम हातात घेतलं, त्याला कारण आहे. दुखवट्याच्या घरात बसून राहावं लागतं, आणि ते मला जमत नाही. भेटायला माणसं येतात, सतरंजीवर बसतात, खाली पाहतात. मीही खाली पाहतो. कोणी बोलत नाही. मला मुळात बोलता येत नाही, आणि दादाविषयी तर अजिबातच नाही. पाय आपोआप हलायला लागतात. याडी आतून पाहते आणि पाय थांबतात, मग हात हलायला लागतात. म्हणून मी सतरंजीवरून उठून अंगणात चाक काढायला बसलो. तिथेही लोक भेटायला येऊ शकतात, असं मनाशी म्हटलं.

आले की. दारव्ह्याचे मारोतराव आले (दादाचे व्यापारी, कोशाचं रेशमी धोतर नेसणारे). पागोटं काढून उकिडवे बसले, डोळे पुसले, आणि पुसता पुसता त्यांची नजर चाकावर गेली. ‘काहून रे, हे असं कायले पाडून ठेवलं?’ म्हणाले. मी सांगितलं. जवाईबापू, त्या माणसाच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरणार नाही. दुःखावर काय बोलावं ते त्यांनाही सुचत नव्हतं, पण चाकावर बोलता येत होतं. त्यांनी बाह्या सारल्या, ट्यूब ओढून काढली, ठिगळ लावलं, चाक चढवलं, आस ठोकला. एक बोटभर लांबीची लोखंडी नळी उरली. ‘हे कोठचं?’ म्हणून मी विचारलं. ‘मिलिटरीचं सामान असतंच फालतू, फेकून दे’, म्हणाले, हात धुतले आणि पुन्हा पागोटं काढून थोडं रडून गेले. चाक फिरवून पाहिलं तर बाजूच्या लोखंडी पट्टीला घासत होतं. नळी फालतू नव्हती. चाक मध्यावर ठेवायचं काम तिचंच होतं. पुन्हा काढलं.

त्यानंतर जो येई तो आधी चाकाकडे येऊ लागला. (आजूबाजूच्या गावांत बातमी पसरली होती की खेमसिंगाच्या घरी दुखवटाही आहे आणि चाकही.) एकाने चेन इतकी ताणली की तिच्यावर कपडे वाळत घालता आले असते. दुसऱ्याने ती इतकी सैल केली की लोंबकळली. मी कोणाला नाही म्हणालो नाही. भेटायला आलेल्या माणसाच्या हातातून पाना कसा काढून घ्यायचा?

पण खरं काम केलं ते धावजीमामांनी. मामांचा जन्म बैलगाड्या हाकण्यात गेला, हे तुम्हाला सांगायला नको. मी आत जेवायला बसलो होतो. मामांनी चाकाचं मधलं भांडं उघडून पाहिलं, ज्यात ब्रेकचे पट्टे असतात. आत सगळं कोरडं ठणठणीत. मामांना वाईट वाटलं. ‘माझ्या भाच्याच्या मागे गाडीला तेलसुद्धा मिळू नये!’ गाडीखान्यातून बैलगाडीच्या वंगणाचा बांबूचा नळा आणला, एरंडीचं तेल आणि पेंढ्याची राख, आणि भांडं काठोकाठ भरून बंद केलं. मी बाहेर आलो तेव्हा मामा समाधानाने चाक फिरवत होते. ‘पाय, आता कसं फिरून राह्यलं!’ म्हणाले. खरोखरच सुरेख फिरत होतं. मामांनी आणि मी मिळून ते चढवलं, नळीसकट. चाक मध्यावर आलं, चेन बरोबर, काही उरलं नाही. मला फार बरं वाटलं. आत काय भरलं आहे ते मामा म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही.

मला चालवता येत नाही, हे तुम्ही जाणता. पण तांड्याचा उतार आहे, इंजिन बंद ठेवून नुसती घरंगळत नेऊन पाहावी असं वाटलं. पाने दादाच्या खाकी कोटाच्या खिशात होते, म्हणून तो कोट मी अंगात घातलेला होता. (दुसरं कारण नव्हतं.) मामांनी मागून ढकललं. उताराच्या अर्ध्यावर मी ब्रेक दाबला. काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. वंगणाचा छान वास आला.

त्याच वेळी खालच्या विहिरीपाशी हंसाआत्या आणि तिच्या तांड्याच्या बाया भेटायला येऊन पोचल्या होत्या. रीतीप्रमाणे विहिरीपासून त्यांनी गळा काढला होता, पदर डोळ्यांवर. पदर बाजूला करून पाहतात तो समोरून खेमसिंगाची फटफटी, वर खेमसिंगाचा कोट, आणि आवाज बिलकुल नाही! रडणं जागच्या जागी थांबलं. बाया दोन्ही बाजूंना पळाल्या. आत्या एकटी उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, आणि ओरडली, ‘खेम्या, मेला तरी गाडी नाही सोडली तू!’

मी तिच्या शेजारून जाऊन कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरलो. मला लागलं नाही. गाडीलाही नाही. आत्याने मला कोटाला धरून बाहेर ओढलं, तोंड पाहिलं आणि माझ्या छातीवर डोकं ठेवून रडली. आधीचं रडणं रीतीचं होतं. हे नव्हतं. मीही त्या दिवशी पहिल्यांदा, म्हणजे धूळ डोळ्यांत गेली होती.

मग चाक पुन्हा काढलं, ब्रेकचे पट्टे पेट्रोलने धुवायला. धुवायला चिंध्या हव्या होत्या, त्या रुक्मावहिनीने आणून दिल्या. दादा गेल्यापासून ती अंगणात आली नव्हती. माझा हात घाईघाईने चालला होता, कारण तुमचं कार्ड आलेलं होतं. ती म्हणाली, ‘कायले घाई करून राह्यले भाऊजी? चाक नसलं म्हणजे गाडी कोठी जात नाही.’ एवढंच बोलली आणि आत गेली.

असा उशीर झाला आहे. चाक बसलं की कळवतो. याडीचा तुम्हाला आणि नंदाबाईला आशीर्वाद. बैलाची काळजी घ्यावी, आणि माझी चंची कोणी इकडे येणारं असल्यास पाठवावी.

तुमचा,
उत्तमसिंग

ता. क. – चाक परवाच बसलं. पट्टे वाळले, चेन जुळली, ब्रेक लागतो. उतारावर दोनदा पाहिलं. वर खालीच आहे असं लिहिलं, तेही खोटं नाही, कारण आज सकाळी पुन्हा काढलं.

ता. क. दुसरा – आज काढण्याला कारण काही नव्हतं.

ता. क. तिसरा – याडीने शब्द दिला आहे, तो याडीला मागे घेता येत नाही, मला तर त्यावर बोलताही येत नाही. नको म्हणू शकता ते तुम्ही एकटेच. तेव्हा ‘ही जुनी मिलिटरीची फटफटी फार पेट्रोल पिते, मला नको’ असं एक कार्ड याडीच्या नावाने टाकावं. ती वाचायला मलाच देईल, मी मोठ्याने वाचीन. आणि स्वतः जरूर यावं, पण एस.टी. मोटारीने यावं. आठवडाभर राहावं आणि मला चालवायला शिकवावं. वहिनीला गाडीचा आवाज ऐकायचा आहे असं ती म्हणाली नाही, पण मला वाटतं. जाताना दिग्रसच्या स्टँडवर तुम्हाला पोचवायला मीच येईन. जावयाला मागे बसवणं आपल्या रीतीत बसत नाही, हे मला कळतं. पण मी इतकी वर्षं मागे बसलो आहे. ती जागा चांगली आहे.