कवळीवर कानस

प्लॉवदिव, १४ एप्रिल

प्रिय स्तामेन,
अ. उ. आ. वि. वि.

दात गमावलेल्या आपल्यासारख्या सगळ्यांचं एकच गाऱ्हाणं आहे: तोंडात काय बसवलं ते कुणी सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, आजी, चावून बघा. फोनवर तू कवळी काढून बोलतोस, अक्षर कळत नाही, म्हणून हे पत्र. तुझी बायको रायना सांगत होती, नव्या कवळीने तुझी जीभ सोलली आहे आणि तू दह्यात पाव कालवून खातोस. त्या प्लास्टिकमध्ये काचेचे तंतू आहेत म्हणे. काच पोटात जात असेल, तर त्या दवाखान्याच्या पायरीवर मी भाषण ठोकणार. गिरणीच्या सभा गाजवल्या आहेत मी. खरं काय ते लिही.

तुझी थोरली,
वेलिका


२० एप्रिल

ताईस,
सा. न. वि. वि.

भाषण राखून ठेव. नुसत्या प्लास्टिकची कवळी दोनदा मधोमध तुटली, म्हणून ही काचतंतूंची घेतली. आधी लोण्यासारखी बसली. पण गायदा वाजवताना तिची कातडी पिशवी फुगवायला नळी ओठांत धरली की कवळीची कड आड यायची. मग बाबांच्या कानशीने घासली जराशी. आठवतं, नळी जुळेना की बाबा दोन हात मारायचे आणि भुसा आपल्या केसांवर फुंकायचे? कानशीला अजून जर्दाळूच्या लाकडाचा वास आहे.

आता घासलं तिथेच टोचतं. मी पुन्हा घासतो. रायना म्हणते, उद्या नाक आड आलं तर तेही घासाल. पण सेंट जॉर्जच्या सणाला मेंढ्या कुरणाकडे निघताना मी वाजवलं नाही, तर बाबांचे दात गेले त्या वर्षीसारख्या मेंढ्या मुक्यानेच डोंगर चढतील.

लोभ आहेच, चार शिव्याही पाठव.
स्तामेन


२५ एप्रिल

वेड्या,
अ. उ. आ.

माझ्या दंतवैद्य बाईंना विचारून आले. काचतंतू प्लास्टिकमध्ये झाकलेले आणि वरून गुळगुळीत असले, तर भिण्याचं कारण नाही, म्हणाल्या. तू वरचं पांघरूणच खरवडलंस. उघडे पडलेले तंतू कुसळासारखे टोचताहेत. घासशील तितके जास्त. पण घरी घासू नका, एवढं एक वाक्य तुला कवळी देणाऱ्याने सांगायला नको होतं? भाषण मी करणारच, फक्त विषय बदलला.

नळी घेऊन आलास, तर बाई समोर बसवून कड बेततील, वर थर चढवून घोटून देतील. सणाआधी.

बाबांनी त्या वर्षी गायदा खुंटीला अडकवली आणि पुन्हा काढली नाही. कुंपणाशी बसून नुसती बोटं हलवायचे. त्यांना दात द्यायला कुणी नव्हतं, स्तामेन.

माया असू दे.
वेलिका

ता. क. कानस रायनाकडे दे. कवळी पाण्याच्या डब्यात, गायदा काखेत, आणि गुरुवारच्या पहिल्या बसने ये.