पाठीचं माप

॥ श्री ॥
विश्रांतवाडी, पुणे
१५ जानेवारी २००१

चि. शंभूस,
अ. उ. आ.

पाकिटात तिळगूळ घालणार होते, पण तुझ्याआधी मुंग्याच अमेरिकेला पोचल्या असत्या. यंदा शब्दच गोड मानून घे.

रविवारच्या फोनवर अर्धा वेळ आवाज येतोय का हेच विचारण्यात जातो, म्हणून हे पत्र. बातमी अशी की मी क्लास लावला आहे. शिवणाचा नव्हे, तो मी शिकवीन. शनिवार पेठेत बद्रीनाथ सर म्हणून शिल्पकार आहेत, ते संध्याकाळी मातीत माणूस घडवायला शिकवतात. बाकी सगळी पोरं कॉम्प्युटरवर कार्टून हलवायला शिकणारी. चित्र हलवायचं तर शरीर कळायला हवं, म्हणून त्यांना इथं धाडलंय. त्यांच्यात मी एकटी म्हातारी. सरांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं की गणपती करायचे असतील तर पेणला जा, इथे हाडं शिकवली जातात. मी म्हटलं, हाडंच शिकवा.

पहिला धडा म्हणजे डोळे मिटून आपलीच हाडं चाचपायची. गळ्याखालचं आडवं हाड, कोपर, गुडघ्याची वाटी. अर्ध्या विश्रांतवाडीच्या ब्लाउजांची मापं मी घेतली असतील, पण कापडाच्या आत काय असतं याचा कधी विचारच केला नव्हता. पाठीची हाडं ज्याची त्याला नीट चाचपता येत नाहीत. म्हणून नम्रता नावाच्या मुलीनं माझ्या पाठीवर हात ठेवून ती दाखवली. शंभू, तुझे बाबा गेल्यापासून माझ्या पाठीवर कुणाचा हात पडला नव्हता. मला रडू आलं. डोळ्यात माती गेली म्हणून सांगितलं.

आता प्रत्येकानं घरातल्या एका माणसाचा हातभर उंचीचा पुतळा आठवणीतून करायचा आहे. घरात दुसरं आहे कोण, मी तुलाच घेतलं. जूनमध्ये येशील तेव्हा तयार असेल. येणार आहेस ना, ते आधी लिही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
तुझी,
आई

न्यू जर्सी
६ फेब्रुवारी २००१

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ईमेल शिकून घे म्हणून दोन वर्षं तुझ्या मागे लागलोय आणि तू शिकलीस काय, तर चिखल. बरं केलंस. सरांना माझा नमस्कार सांग. आईच्या तोंडी लागून आजवर कुणी जिंकलेलं नाही, हेही सांग.

पुतळ्यात नाक जरा कमी कर, पोट अजिबात दाखवू नकोस. मी मजेत आहे. दशरथसारखा रूममेट असल्यावर घरात शांतता कसली? पोळ्या तो लाटतो आणि नकाशे मी खातो. रात्री गप्पा संपत नाहीत. तू उगाच काळजी करतेस. जूनचं बहुतेक जमेल.

तुझ्या हाताच्या जेवणाचा भुकेला,
शंभू

॥ श्री ॥
विश्रांतवाडी
११ मार्च २००१

चि. शंभूस,
अ. उ. आ.

तुझा पुतळा फसला. तारेचा सांगाडा बरा जमला होता, माती चढवली, नाकही तुझ्या सांगण्याप्रमाणे कमी केलं. सर आले, बराच वेळ बघत राहिले आणि मुलाचं वय विचारलं. मी सत्तावीस म्हटलं. त्यांनी मापाचा कंपास काढला आणि तुझं डोकं किती वेळा तुझ्या उंचीत बसतं ते मोजून दाखवलं. मोठ्या माणसात ते साडेसात वेळा बसतं. तुझ्यात जेमतेम सहा वेळा बसलं. खांदे अरुंद, पोट पुढे, कंबर नाहीच. सर म्हणाले, बाई, हा तिसरीतला मुलगा आहे, याला शाळेत पाठवा. पोरं हसली, मीही हसले.

घरी येताना बसमध्ये मात्र हसू आलं नाही. चूक कुठून झाली ते मला ठाऊक आहे. तिसरीपर्यंत मी तुला चोळून आंघोळ घालत असे. मग एक दिवस तू न्हाणीघराची कडी आतून लावलीस आणि आता मी मोठा झालो म्हणून ओरडलास. तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. माझ्या हातांना तुझी तेवढीच ओळख आहे. पुढे तू दारात उभा दिसलास, ताटावर बसलेला दिसलास, पण हातांना कळलं नाही. पोटच्या पोराचा खांदा कसा आहे हे आईला सांगता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हा मापं पाठव. टेप तुला निघताना दिली होती ती पेटीत असेल. डोकं, छाती, कंबर, हात, पाय तुझे तू घे. पाठीची दोन दशरथला घ्यायला सांग: या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि मधल्या दोन पात्यांसारख्या हाडांमधलं अंतर. दोन मिनिटांचं काम आहे.

वाट बघत असलेली,
आई

न्यू जर्सी
८ एप्रिल २००१

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

मापं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत. कंबर बघून रागावू नकोस. पाठीची मात्र राहिली. दशरथला हल्ली अजिबात सवड नसते, आम्ही दोघं घरी एका वेळी नसतोच. मी भिंतीला टेकून, टेपचं एक टोक दातात धरून बघितलं, पण आकडा दर वेळी वेगळा येतो. अंदाजानं कर.

जूनचं आता कठीण दिसतं. इथल्या कंपन्यांचं वारं बरं नाही, अशात देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. पुढच्या वर्षी नक्की. चिडू नकोस.

तुझा,
शंभू

॥ श्री ॥
विश्रांतवाडी
२९ एप्रिल २००१

चि. शंभूस,
अ. उ. आ.

चिडले नाही. पण तुझं पत्र दोनदा वाचलं आणि शिवण बाजूला ठेवलं. एका घरात राहणाऱ्या माणसाला महिनाभरात दोन मिनिटं टेप धरायला सवड होत नाही, हे मला पटत नाही. पाठीचं माप ज्याला मिळत नाही त्याच्या घरात दुसरं माणूस नसतं. मला हे कळायला क्लास लावावा लागला नाही, ब्लाउजचं मागचं हूक मी रोज एकटीच लावते.

खरं काय ते लिही. नोकरी असो नसो, मी विचारणार नाही. शेजारच्या मुक्ताबाईंनी विचारलं तर काय सांगायचं ते मी बघून घेईन.

सर म्हणाले, पाठ येत नसेल तर पुतळा भिंतीला लावून ठेवा, कोण मागून बघतंय. मी नाही म्हटलं. पुढून तू आता मोठा झाला आहेस, छातीही भरली आहे. पाठीला नुसता गोळा थापून ठेवला आहे. माती वाळली की तडकते, मग काही करता येत नाही. म्हणून मी रोज संध्याकाळी बस धरून जाते, फडकं भिजवून तुझ्या पाठीवर गुंडाळते आणि परत येते.

अंदाजानं मी करणार नाही.

तुझीच,
आई

न्यू जर्सी
१३ मे २००१

तीर्थरूप आईस,
शि. सा. न. वि. वि.

दशरथ दिवाळीतच दुसऱ्या गावी गेला. त्याच्या पोळ्यांचं सगळं मी रचून लिहिलं. मार्चमध्ये माझी नोकरी सुटली. तेव्हापासून फोनवर फक्त तुझ्याशी मोठ्यानं बोलतो, एरवी दुकानात थँक्यू म्हणण्यापुरतं. टेप दातात धरून भिंतीला टेकलो होतो ना, तिथेच खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. सहार विमानतळावर निघताना तू पाठीवर हात फिरवला होतास. त्यानंतर कुणाचा नाही.

तिकीट काढलं आहे, जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. मुक्ताबाईंना जे सांगायचं ते सांग. घ्यायला मुंबईला येऊ नकोस, तेवढ्यात फडकं वाळेल. मी थेट शनिवार पेठेत येतो. शर्ट काढून उभा राहीन, सर आणि पोरं हसली तरी चालेल. तू तुझ्या हातानं माप घे.

लोभ आहेच. तोवर माती ओली ठेवावी, ही विनंती.

तुझा,
शंभू