'लगेच' म्हणजे किती वेळ

मंगळवार, ११ नोव्हेंबर. द्वारका, दिल्ली.

तोट्यातले कारखाने बंद करण्याबद्दलच्या माझ्या अहवालातलं एक वाक्य आज मंत्रालयातल्या अधिकाऱ्याने खोडलं. 'कामगार लगेच दुसरीकडे रुजू होतो, असं समजू.'

"प्रोफेसरसाब, ये हटा दीजिए. लगेगा, हमें ही डाउट है."

मी हो म्हटलं. गृहीतक काढलं की खालचं सगळं सिद्धच झाल्यासारखं दिसतं. वर्गात कुणी असं केलं असतं, तर मी बाहेर काढलं असतं.

पण मी तरी ते का घातलं होतं? त्याशिवाय समीकरण सुटत नव्हतं, एवढंच. 'लगेच' म्हणजे शून्य वेळ.

माझ्या बायकोचा, सुमनचा भाऊ सुधीर फरिदाबादचा कारखाना बंद झाल्यापासून, दोन वर्षं, आमच्या बाहेरच्या खोलीत झोपतो. जेवताना म्हणाला, "भावोजी, तुमच्या त्या अहवालाचं काय झालं?"

"मंजूर झाला."

"अच्छा. म्हणजे आता आमचंही काहीतरी होईल."

सुमनने माझ्याकडे पाहिलं नाही.

आत्ता सुधीर उद्यासाठी बुटांना पॉलिश करत बसलाय. रोज करतो. कुठे जायचंय, हे विचारायचं आम्ही सोडून दिलंय.