टेबलावरची किटली

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबतच्या खोक्यात एक चित्र आहे. आपल्या स्वयंपाकघरातली स्टीलची किटली, तीच पोचा पडलेली. बाबा टेबलाशी बसतात त्याच्या समोरच्या भिंतीवर लाव, उजेड पडेल असं. बँकेतली नोकरी सोडून मी चित्रं काढायला इकडे आले, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बाबा माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. फोनवर तू ते झोपलेत म्हणून सांगतेस आणि मागून त्यांचा खोकला ऐकू येतो! चित्र त्यांच्यासाठीच काढलंय. त्यांनी ते नीट बघावं, एवढीच इच्छा आहे. नाही आवडलं तर तसं कळव, उगाच गोड लिहू नकोस.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
खारू

१२ मार्च

चि. खारूस,
अ. आ.

अगं, काय ही किटली! तोटीखालचा थेंब पुसायला मी फडकं घेऊन धावले आणि हाताला लागला सपाट कॅनव्हास. एकटीच हसत सुटले. सकाळी कोवळं ऊन आलं की स्वयंपाकघरात दोन किटल्या होतात, आणि भिंतीवरचीच जास्त खरी वाटते. बघता बघता मी कुठल्यातरी जुन्या सकाळी जाऊन बसते, इकडे चहा गार.

तुझे बाबा आधी पेपरातून डोकंच वर काढेनात. फोटो काढला असता तर लवकर उरकलं असतं, असं पुटपुटले. काल मात्र चष्मा पुसून उठले आणि किटलीच्या फुगीर पोटाला नाक लावून उभे राहिले. मग आपल्या खोलीत गेले ते जेवायलाही आले नाहीत. काय काढून ठेवलंयस तिथे? मला तर नुसती चकाकी दिसते. जिवाला घोर लागलाय.

उत्तर धाड, आणि म्हातारीवर जीव असू दे.

तुझी,
आत्या

१३ मार्च

चि. खारूस,
अ. आ.

आत्याच्या शंकेचं समाधान मी करतो.

तू निघालीस त्या सकाळी मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. डोळे भरून आले होते, ते तुला दिसू नयेत म्हणून. तू येते म्हणालीस तरी वळलो नाही. समोर किटली आहे, हे ध्यानातच आलं नाही. तिच्यात तू माझं तोंड पाहिलंस, आणि तीन वर्षं कुणाला बोलली नाहीस.

परवापासून त्या इवल्याशा रडक्या माणसाकडे बघतोय. नाक जरा मोठं झालंय, पण माणूस मीच. चित्र फार चांगलं आहे.

माझ्या मागे दारात नखाएवढी तू आहेस, हातात बॅग. तुझा चेहरा भिंग लावूनही दिसत नाही.

लोभ कमी झाला नव्हता. लवकर ये.

बाबा